कुलूपवाल्याच्या घरची हार्डटेल

मी एक सायकल बोलतेय, डोंगरवाटांवर चालणारी. धक्के झेलणारं सस्पेन्शन मला फक्त पुढच्या चाकाला आहे, मागे काही नाही, म्हणून दुकानात मला ‘हार्डटेल’ म्हणत. थोडक्यात, मागून मी कडक. वाटेत दगड आला की बसणाऱ्याला तो कळतोच. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही.

दुकानात माझ्या शेजारी फुल सस्पेन्शनवाली उभी असे. तिला पुढे शॉक, मागेही शॉक. अंगाने जड आणि तोरा तर विचारूच नका. लोक तिची सीट दाबायचे, ती मऊपणे खाली-वर व्हायची आणि ते जागीच विरघळायचे. माझी सीट दाबली तर नुसता हात दुखायचा.

एक दिवस एक जोडपं आलं. तो कुलपं दुरुस्त करणारा, ती शिवणकाम करणारी. मुलं आपापल्या मार्गाला लागली होती. रविवारी सकाळी दोघांनी टेकडीवर जायचं, असं बाईंनी मनावर घेतलं होतं. एरवी तो दुकानात, ती मशीनवर. निवांत बोलणं म्हणून राहिलंच नव्हतं.

“माझी कंबर नाजूक, मला ती मऊवाली,” तो म्हणाला. बाईंनी माझं हँडल धरलं.

चढावर मी हलकी, त्यामुळे बाई आणि मी पुढे. उतारावर तो मागून कण्हत यायचा. “कसली डोंबलाची मऊ! हिच्यापेक्षा हातगाडी बरी.” शेवटी एकदा म्हणाला, “पुरे झालं. दोन्ही विकून टाकू.” मला बाईंचं फार वाईट वाटलं.

विकायच्या आधी धुवाव्यात म्हणून आम्हाला अंगणात काढलं. दुसरीचा मागचा शॉक पुसता पुसता बाई थांबल्या.

“अहो, या खटक्यावर कुलपाचं चित्र आहे.”

“हो. पहिल्याच दिवशी बंद केलं मी ते.”

“का?”

“का म्हणजे? कुलूप उघडं कोण ठेवतं?”

बाईंनी खटका फिरवला आणि सीट दाबली. सायकल अलगद खाली गेली, वर आली. बाई हसत हसत ओल्या फरशीवरच बसल्या. म्हणजे इतके दिवस हा गडी माझ्यासारख्याच कडक सायकलवर बसला होता, वर तिचं वजनही ओढत होता! शेजारणीचा तोरा पार उतरला.

पुढच्या रविवारी उतारावर त्याने हूं की चूं केलं नाही. खाली पोचल्यावर मात्र जरा घुटमळला.

“खरं सांगू? कंबरेचं एवढं नव्हतं गं. तू सारखी पुढे जायचीस. वाटलं, माझा कंटाळा आला असेल.”

“प्रत्येक वळणावर थांबत होते मी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही मान वर केली असती तर दिसले असते.”

आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत, चाकांत चिखल आहे आणि मी मजेत आहे. तुम्ही सायकल घ्यायला जाल तेव्हा वाट खडबडीत आणि कंबर कुरकुरणारी असेल, तर खुशाल मऊवालीला घ्या, मी रुसणार नाही. चढाची हौस असेल तर मला घ्या. फक्त एवढं करा, दुकानात एकटे जाऊ नका, वळणावर थांबणारं कुणी बरोबर असू द्या.