बोटाखाली मावणारा देश

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भूगोलाच्या खोलीत, फळ्याच्या उजव्या अंगाला, दोन खिळ्यांवर माझी बत्तीस वर्षं गेली. कापडावर चिकटवलेला जाड कागद, वर-खाली काळे दांडे आणि अंगावर सगळं जग. माझ्यावर एकही देश सुटलेला नाही. पण काही देशांना स्वतःचं नाव लिहिण्यापुरतीही जागा मिळाली नाही. युरोपातला लक्झेंबर्ग त्यांतलाच. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, त्यावर एक आकडा, आणि नाव पार खालच्या यादीत.

माझी निगा राखायच्या शाळेच्या शिपाई मावशी. कोरड्या फडक्यानं मला वरून खाली पुसायच्या आणि म्हणायच्या, "रोज सकाळी अख्खं जग झाडते, तेव्हा कुठं माझ्या घशाखाली चहा उतरतो."

त्यांची धाकटी लेक नर्स झाली आणि तिला लक्झेंबर्गच्या उत्तरेकडच्या एका गावात, इस्पितळात नोकरी लागली. ती गेली त्या दिवशी भूगोलाच्या सरांनी मावशींना पेन्सिलीच्या टोकानं तो ठिपका दाखवला. सर इतके ताठ चालायचे, की मुलं त्यांना 'काटकोन' म्हणायची. मावशी हसल्या. एवढासा देश, माशी बसली तरी झाकून जाईल, म्हणाल्या. मात्र त्या दिवसापासून पुसून झालं की त्या ठिपक्यावर बोट ठेवायच्या. हळूहळू माझा तिथला रंग उडाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग एका सोमवारी मावशी फडकं न घेताच आल्या. लक्झेंबर्गमध्ये नदी फुटली होती, माणसं छपरांवर बसली होती, अशी बातमी त्यांनी ऐकली होती. आणि शनिवार संध्याकाळपासून लेकीचा फोन लागत नव्हता. त्यांनी ठिपक्यावर बोट टेकलं. नदी, पूर, इस्पितळ, लेक, सगळं त्या एका बोटाखाली गेलं.

"सगळा देशच बोटाखाली मावतोय," त्या पुटपुटल्या. "पाणी आलं तर पोरगी पळणार कुठं?"

मित्रांनो, ती भीती मीच त्यांना दिली होती. माझ्या शेजारी माझ्याच उंचीचा आपल्या जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता. मावशी त्याच्याकडे पाहायच्या, मग माझ्याकडे. जिल्हा दाराएवढा आणि देश दाण्याएवढा! मला तोंड असतं, तर मी ओरडून सांगितलं असतं की आम्हा दोघांचं माप निराळं आहे. पण नकाशाला कुठलं आलंय तोंड. सरांना विचारायचा मावशींना धीर होईना. सरांनी 'काही खरं नाही' अशी मान हलवली तर, या धास्तीनं त्या त्यांची नजरच चुकवत राहिल्या.

मंगळवारी त्यांनी तंद्रीत सुटीची घंटा एक तास आधीच बडवली. शाळा भरभर रिकामी झाली. मोठ्या बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. सर दप्तर न्यायला आले, तेव्हा मावशी माझ्यासमोर, ठिपक्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. मग सगळं बाहेर आलं.

सरांनी एक मोठा कागद घेतला, जिल्ह्याच्या नकाशाचं माप धरून त्यावर लक्झेंबर्ग काढला, कात्रीनं कापला आणि जिल्ह्यावर ठेवला. हातभराहून लांब कागद! जिल्ह्याचा तिसरा हिस्सा त्याच्याखाली गेला.

"तुमच्या भावाचं गाव किती लांब आहे, मावशी?"

"बसनं अडीच तास."

"म्हणजे ऐंशी किलोमीटर. हा देश वरपासून खालपर्यंत साधारण तेवढा आहे. मागं भावाच्या घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा आपल्या शाळेच्या पायरीला थेंब तरी लागला का?"

मावशींनी 'नाही' म्हणून मान हलवली.

मग सरांनी माणसंही मोजून दाखवली. आपल्या शाळेत आठशे मुलं. अशा आठशे चाळीस शाळा एकत्र केल्या, की जवळपास त्या देशाची सगळी माणसं होतात, पावणेसात लाखांच्या आसपास. आपल्या शहराहूनही कमी, पण बोटाखाली मावण्याइतकी नक्कीच नाहीत. पेपरातल्या बातमीप्रमाणे पूर दक्षिणेला होता आणि लेक उत्तरेला, गाडीनं तासाभराच्या अंतरावर.

मावशी बाकावर टेकल्या आणि दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायल्या. भीती गेली नव्हती. पण आता तिच्यात रस्ते होते, टेकड्या होत्या, मध्ये तासाभराची वाट होती.

बुधवारी दुपारी त्या बाकं पुसत असताना फोन आला. लेकीचाच. शनिवारी संध्याकाळी दक्षिणेकडच्या इस्पितळात पाणी चढलं होतं. रुग्ण हलवायला तिथल्या नर्सा पुरेनात, म्हणून देशभरातून नर्सा बोलावल्या. लेक मिळेल त्या गाडीत बसून गेली, आणि फोन कपाटातच राहिला. तीन दिवस ती गुडघाभर पाण्यात म्हातारी माणसं वाहून नेत होती.

मावशींनी फोन ठेवला आणि मान वर केली. सर दारात उभे होते.

"सर, तुम्ही म्हणाला होतात, ती तासभर लांब आहे."

"तासभरच होती," सर म्हणाले. "म्हणून तर पोचली."

त्यावर मावशी रडल्या, मग हसल्या, आणि डोळे पुसून पुन्हा बाकांकडे वळल्या.

आता भूगोलाच्या खोलीत पडद्यावर दिसणारे नकाशे आले आहेत. मला गुंडाळून कपाटावर टाकलं आहे. ओल लागते, कसर कुरतडते, आणि रद्दीवाल्याची हाक आली की मला धडकी भरते. पण मित्रांनो, मागायचं आहे ते माझ्या जिवापुरतं नाही. नकाशा कुठलाही पाहा, भिंतीवरचा की पडद्यावरचा, कोपऱ्यातलं माप आधी वाचा. ते कळलं नाही, तर लाज न बाळगता कुणाला तरी विचारा. मावशींनी दोन दिवस विचारलं नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.