हातसाखळी

डॉ. विनोदिनी पोतनीस यांच्या माधव नगरातल्या बंगल्याला मोटारखाना होता, आणि मोटारखान्याला सागवानी दार. पावसाळ्यात ते फुगे, उन्हाळ्यात आक्रसे, आणि बारा महिने कुरकुरे. घरचा म्हातारा नोकर भेरूलाल खांदा लावून ते उघडीत असे. पण भेरूलालचे हात आता चहाची बशीदेखील धड धरीनात. मुलगा त्याला गावी घेऊन जायला आला, तेव्हा दाराचे काय करायचे, हा प्रश्न घरात पहिल्यांदा उभा राहिला.

प्रश्न लहान दिसला तरी लहान नव्हता. विनोदिनीबाई बाळंतपणे करीत. आसपासच्या खेड्यांतून अडलेल्या बाईचा निरोप आला की त्यांची जुनी हिलमन मोटार तत्काळ बाहेर पडायला हवी. उशीर म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या हातांनी जोखलेले होते. शहरातल्या इतर कोणाला दार ही शोभा असेल. त्यांच्यालेखी ते एखाद्या जिवाच्या आणि त्यांच्या मधले शेवटचे लाकूड होते.

त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मध्य भारत सरकारच्या उद्योग खात्यात होता. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याला विनोदिनीबाईंनीच वाढवले. लग्न केले नाही ते त्याच्यामुळे, असे लोक म्हणत. त्या स्वतः कधी म्हणाल्या नाहीत. दाराची गोष्ट निघताच तो इंदूरहून चित्रांचे कागद घेऊन आला.

"तीन वाटा आहेत, ताई," तो म्हणाला. "नवा माणूस ठेव. तो पगार मागणार, सुट्ट्या मागणार, होळीला भांग पिऊन पडणार. नाहीतर हाताने उचलायचं पत्र्याचं शटर घे. ते तू उचलणार, आणि मग तुझी कंबर कोण उचलणार? तिसरी वाट ही. विजेचं शटर. बटन दाबलं की पत्रा आपोआप वर गुंडाळला जातो. माणसाचा खर्च जन्माचा, यंत्राचा एकदाचा."

"आणि बिघडलं तर?"

"मी आहे ना!"

त्या तेवढ्यावर थांबल्या नसत्या. औषधाची बाटलीसुद्धा उजेडात धरून पाहणारी बाई ती. इंदूरला जाऊन यंत्र स्वतः पाहायचे, जिथे बसवले आहे तिथे विचारायचे, असे त्यांनी मनाशी योजले होते. पण मध्येच दिवाळी आली. भाऊबीजेला श्रीपाद पाटावर बसला, त्यांनी ओवाळले, आणि त्याने तबकात यंत्राचे चित्र ठेवले. "यंदाची ओवाळणी, ताई. पैशाची गोष्ट काढायची नाही."

तबकात पडलेली वस्तू उलटून पाहायची नाही, तिचे मोल विचारायचे नाही, ही पोतनिसांच्या घरातली रीत शिंद्यांच्या दरबारापासूनची. सुपारी पडो की सोने, बहिणीने कपाळाला लावायचे. विनोदिनीबाईंनी तो कागद कपाळाला लावला. इंदूरला जायचे राहिले ते राहिलेच.

यंत्र बसले. देखभालीचा वार्षिक करार तेवढा कंपनीशी करावा लागतो, असे श्रीपाद म्हणाला, म्हणून त्यांनी तोही केला. दर काही आठवड्यांनी पत्रा मध्येच अडके; इंदूरहून माणूस येई, एखादा सुटा भाग बदले, त्याचे पैसे वेगळे घेई. एका म्हाताऱ्याचा पगार वाचला होता आणि त्याच्या जागी कधीच पोट न भरणारे काहीतरी येऊन राहिले होते. हे विनोदिनीबाईंना जाणवत होते. पण भेटीचा हिशेब करणे त्यांना भेट परत करण्याइतकेच ओशाळवाणे वाटे.

वैशाखातल्या एका दुपारी आंधी उठली. आभाळ तांबूस झाले, झाडे वेड्यासारखी घुमू लागली, आणि वीज गेली. तशात नानाखेड्याकडचा एक शेतकरी धापा टाकीत आला. बायको सकाळपासून अडली होती.

विनोदिनीबाईंनी बटन दाबले. पत्रा हलला नाही. पुन्हा दाबले. रस्त्यावरची चार माणसे धावून आली, कुणी खालून पहार घातली, कुणी खांदे दिले. पण वरच्या विजेच्या मोटारीने पत्रा दाताखाली धरला होता, तो सोडीना. आत हिलमन पेट्रोल भरून उभी होती. शेवटी टांगा आला. धुळीत घोडा पावलापावलाला बुजत होता आणि विनोदिनीबाई मांडीवरची बॅग घट्ट धरून बसल्या होत्या, जणू बॅगेला धरल्याने वाट आखडणार होती.

त्या पोचल्या तेव्हा बाई वाचण्यासारखी होती. मूल नव्हते. ते अजून कोमट होते. सासू कुणाला दोष न देता, नुसती हवेशी बोलल्यासारखी म्हणाली, "थोड़ा पहले आ जातीं, बाई."

संध्याकाळी खबर ऐकून श्रीपाद आला. शेजारी बसला, पाठीवरून हात फिरवीत राहिला. "ताई, विजेपुढे कोणाचं काय चालतं? तू तरी काय करणार होतीस?" आई गेल्यानंतर विनोदिनीबाई कोणाच्या खांद्यावर रडल्या नव्हत्या. त्या दिवशी भावाच्या खांद्यावर रडल्या. तो खांदा होता म्हणून पुढचे दिवस निभले, असे त्यांना वाटत राहिले.

श्रावणात श्रीपादच्या मेहुणीची, सुनंदाची, मंगळागौर होती. श्रीपादचे सासरे भय्यासाहेब मुळ्ये देवास गेटपाशी राहत. त्यांच्या मालमोटारी होत्या आणि आवाजही मालमोटारीसारखाच होता. आत मुलींचे झिम्मे चालले होते. बाहेर पुरुषांत एकच विषय. नोव्हेंबरात मध्य भारत बुडणार, राजधानी भोपाळला जाणार, कोणाची खुर्ची राहणार आणि कोणाची जाणार. ज्यांनी एक संस्थान विरताना पाहिले होते, ते आता राज्य विरताना पाहत होते.

"अहो डॉक्टरबाई, तुम्ही इकडे या!" भय्यासाहेबांनी हाक मारली. "या पोरींच्या फुगड्या काय, होतच राहतील. तुम्हाला आमच्या जावईबापूंची करामत दाखवतो."

मागच्या अंगणात त्यांचा मोटारखाना होता. त्यावर तेच शटर, वर तेच यंत्र, भिंतीवर तेच बटन. विनोदिनीबाई हसल्या. "माझ्याकडेही हेच आहे, भय्यासाहेब."

"असणारच! घरचंच दुकान आहे. एजन्सी आमच्या सुलूच्या नावावर, चालवणारे जावईबापू. तुम्हाला काय सांगायचं!"

सुलू म्हणजे श्रीपादची बायको. विनोदिनीबाईंना कोणी काहीच सांगितले नव्हते.

"अब देखिये!" भय्यासाहेबांनी विजेचा खटका बंद केला. "लाइट गेली. गेली ना? आता?" पत्र्याच्या कडेला एक बारीक साखळी लोंबत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढायला घेतली आणि पत्रा खडखडत, आळसावलेल्या जनावरासारखा, वर गेला. "हातसाखळी! लेकरानं ओढावी. मी विचारलं, बापू, ही वेगळी का विकता? तर कानात म्हणाले, साखळी नसेल तर हे यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. खरा माणूस! दुसरा कोण सांगतो असं?"

आत झिम्म्याच्या टाळ्या वाजत होत्या. विनोदिनीबाईंना त्या फार दुरून, पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू आल्या.

श्रीपाद ओसरीवर विडा लावीत होता. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या यंत्राला साखळी का नाही?"

त्याने वर पाहिले, मग त्यांच्या मागे, अंगणाकडे. सगळे त्याला तिथेच कळले. "ताई, इथे नको."

"इथेच."

"तू विचारलं नाहीस," तो हळू म्हणाला. "भय्यासाहेबांनी विचारलं. ते भाजीवालीलासुद्धा विचारतात."

"ओवाळणीत पडलेल्या वस्तूला कोण विचारतं रे?"

तो पानावर चुना फिरवीत राहिला. "साखळी असली की कोणी देखभालीचा करार करत नाही. अडलं तर आपलं आपण उघडतात. आणि सुरुवातीला एक घर हवं होतं मला, नाव असलेलं. डॉक्टरबाईंकडे बसलंय म्हटलं की लोक घेतात. राज्य चाललंय, ताई. भोपाळात मला कोण ओळखतं? काहीतरी हाताशी असायला हवं होतं. तुला परवडतं, असं वाटलं मला."

यातले सगळे त्यांना समजले, आणि काही अंशी त्याची कीवही आली. आपण पांघरूण घालून निजवलेले पोर अजून थंडीला भिते आहे, असे वाटले. इथवर त्या क्षमेच्या उंबऱ्यापाशी होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण वैशाखात? ते मूल गेलं त्या संध्याकाळी तू माझ्याजवळ बसला होतास. तेव्हा तुला ठाऊक होतं."

श्रीपादने चुन्याची डबी मिटली.

"दुसऱ्या दिवशी का नाही आणून लावलीस?"

"लावली असती तर तुला कळलं असतं," तो म्हणाला. "की ती आधीही लावता आली असती."

इतके खरे तो त्यांच्याशी कधी बोलला नसेल. पाठीवरून फिरणारा तो हात विनोदिनीबाईंना आठवला. तो त्यांना शांत करीत नव्हता. त्यांनी मागे वळून पाहू नये म्हणून तो त्यांना धरून बसला होता. त्यांच्या शोकाचाही त्याने पत्रा केला होता आणि तो खाली ओढून घेतला होता.

"उद्या लावतो, ताई. शपथ. पैसे नको, काही नको."

"तुझं काही लावू नकोस आता."

सुलू पुरणपोळीचे ताट घेऊन आली आणि दोघांची तोंडे पाहून दारातच थबकली. "ताई, बसा ना," ती म्हणाली. विनोदिनीबाईंनी तिच्या गालाला हात लावला, सुनंदाच्या हाती नारळ दिला, आणि टांगा करून घरी आल्या.

वाटेत त्यांनी लोहाराला बरोबर घेतले. पत्रा कापायचा, असे ऐकून तो दचकला. "नया माल है, बाई साब. बटन तो काम कर रहा है."

"काटो."

ठिणग्या ओल्या फरशीवर पडून विझत गेल्या. पत्र्याचा अर्धा भाग अंगणात आडवा झाला आणि मोटारखान्याचे तोंड उघडे पडले. तिरप्या पावसाचे थेंब आत हिलमनच्या काचेवर येऊ लागले. शेजारच्या शर्माबाईंनी कुंपणावरून हाक दिली, "डॉक्टरनीबाई, गाड़ी भीग रही है!"

"भीगने दो," विनोदिनीबाई म्हणाल्या. "निकलेगी तो सही."

त्यांनी मोटार चालू करून पाहिली, मागेपुढे घेतली, आणि तोंड रस्त्याकडे करून उभी केली. मग पायरीवर बसून त्या उघड्या चौकटीकडे पाहत राहिल्या. रडू येईल, असे त्यांना वाटले होते. पण रडायला खांदा लागतो, आणि तो आता त्यांना आठवायचासुद्धा नव्हता.