तुंबलेलं गटार आणि नऊ फोन

मित्रांनो, मी जनावरांच्या दवाखान्यातला एक जुना, काळा टेलिफोन आहे. कारखान्यातून इथे आलो तेव्हा माझ्यावर विणलेला रुमाल घालत. आता औषधांची पत्रकं टाकतात. त्याचं मला काही वाटत नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

यंदा एकाच आठवड्यात बाजारामागच्या गल्लीतली तीन कुत्री आली. अंगात ताप, डोळे हळदीसारखे पिवळे. तपासणी करून डॉक्टरबाई कंपाउंडरला म्हणाल्या, "हा आजार उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरतो. माणसांनाही होतो. तिथलं गटार तुंबलंय का?"

"गुडघाभर पाणी आहे, बाई. माझा धाकटा भाऊच उपसतोय. बूट मागितलेत, अजून मिळाले नाहीत."

"मग त्याला उतरू देऊ नकोस!"

"नाही उतरला तर कामावरून काढतील."

बाईंनी लगेच मला उचललं. माणसांच्या इस्पितळातला कारकून म्हणाला, "कुत्र्यांचं तुम्हीच बघा. इथे माणसांनाच खाटा पुरत नाहीत." गटारांच्या कचेरीतून उत्तर आलं, "उंदीर आमच्याकडे येत नाहीत. इस्पितळाला विचारा."

"अहो, त्यांनीच तर—"

टक्! फोन बंद.

आठ दिवस हेच चाललं. बाईंचा आवाज मी जसाच्या तसा पोचवत होतो, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. मी नुसता चडफडत राहिलो.

नवव्या दिवशी इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांचा फोन आला. "तुमच्या कंपाउंडरचा भाऊ इथे आहे. साधी कावीळ समजून आम्ही चार दिवस घालवले. तो तुमच्याकडच्या आजारी कुत्र्यांबद्दल सांगतोय. त्यांना नक्की काय झालं होतं?"

बाईंनी सांगितलं.

"मग हे आधी का नाही कळवलंत?"

"नऊ वेळा कळवलं," बाई म्हणाल्या. त्यांनी मला इतकं घट्ट धरलं होतं की माझं अंग करकरलं.

औषध बदललं, भावाचा जीव वाचला. मूत्रपिंडं मात्र कायमची अधू झाली. आता त्याच्याच्याने भरली बादली उचलवत नाही. ते गटार मग एका सकाळीत साफ झालं. एका सकाळीत, मित्रांनो!

उद्या तुमच्यातलं कुणीतरी अशा कचेरीत बसेल. पलीकडून कुणी आजारी कुत्र्याबद्दल, मेलेल्या माशांबद्दल, घाण पाण्याबद्दल बोलू लागलं, तर पूर्ण ऐकून घ्या. त्या पाण्यात कुणाचा तरी भाऊ उभा असतो.