सरांचा ताजा फेरफटका

"लेखकाने एक वेळ जेवण सोडावं, पण रोजचं लिखाण सोडू नये!" लेखनवर्गाच्या पहिल्याच संध्याकाळी आमच्या सरांनी टेबलावर मूठ आपटून ही घोषणा केली आणि लगेच डबा उघडला. भूक त्यांना अजिबात सहन होत नाही.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरतो. विद्यार्थी सगळे पोटापाण्याला लागलेले, गुडघे धरून जिना चढणारे: दातांचे डॉक्टर, बस चालवणाऱ्या बाई, निवृत्त पोस्टमास्तर आणि असेच आम्ही. प्रत्येकाने रोज चार ओळी ब्लॉगवर टाकायच्या, आणि आमच्या जोडीला सरही टाकणार. "काठावर उभा राहून पोहायला शिकवणारा मास्तर मी नव्हे," ते म्हणाले. नियम एकच, ज्या दिवसाचं त्याच दिवशी. आधी लिहून ठेवलेलं ते शिळं.

ड्रायव्हरबाईंनी एकदा सुट्टीच्या दिवशी पुढच्या दोन-तीन दिवसांचं उरकून ठेवलं. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मंगळवारी बस कुठे अडकणार हे तुम्हाला रविवारीच कळलं? मग बस कशाला चालवता, भविष्य सांगायला बसा की!" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. पण त्यानंतर डेपोत गाडी लावली की स्टिअरिंगवर फोन टेकवून त्या रोजचं रोज लिहू लागल्या.

सरांचं लिखाण आम्ही चवीने वाचायचो. पहाटेचा फेरफटका, कुंपणावरचं मांजर, आणि शेवटी जीवनाविषयी एक वाक्य. ते वाक्य आम्ही गाळून वाचायचो, पण माणूस लाखातला.

असे सर एके दिवशी घरच्या जिन्यावरून घसरले आणि पाय मोडून बसले. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही सगळे भेटायला गेलो. वहिनींनी दार उघडलं. सर पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टर जवळ जाऊन सवयीने म्हणाले, "आ करा."

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सरांचा आजचा ब्लॉग आला होता. पोस्टमास्तरांनी कौतुकाने मोठ्यांदा वाचायला घेतला: "आज पहाटे टेकडी एका दमात चढलो. काय सांगू, पाय नुसते हरणासारखे पळत होते..."

पुढचं वाचायची गरज उरली नाही. सगळे प्लास्टरकडे बघू लागले.

"हरीण दमलेलं दिसतंय," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"रविवारी आठवड्याचं लिहून ठेवतात," वहिनींनी शांतपणे सांगितलं. "वेळ लावून ठेवली की आपोआप जातं म्हणे. टेकडी कसली, पहाटे हे घोरत असतात."

सर भिंतीकडे तोंड करून बोलू लागले. "रोज लिहायला बसलो की काही सुचायचंच नाही हो. तुम्हाला सुचतंय आणि मास्तरला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? वर्ग बंद. दुसरा कुणी बघा."

दुसरा कोण आमची कारकुनी पत्रं आणि दाढांची वर्णनं मन लावून ऐकणार होता? पण बोलणार कोण? बोलायचा हक्क एकट्या ड्रायव्हरबाईंचा होता. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्यांनी सरांचा फोन उचलला. "उरलेले फेरफटके पुसून टाकू?"

सरांनी मान डोलावली. बाईंनी ते पुसले आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. "लिहा आता. पाय मोडला त्याचं."

"आत्ता? तुम्हा सगळ्यांसमोर?"

"मी डेपोत लिहिते. मागून हॉर्न वाजत असतात."

उशाशी पडलेला चष्मा नाकावर चढवून सर ओठ चावत, खोडत, पुन्हा लिहीत बसले. मग घसा खाकरून त्यांनी वाचलं:

"काल मी घसरलो. ही धावत आली. वाटलं, रडेल. म्हणाली, 'पायरी ओली आहे म्हणून ओरडून सांगितलं होतं.' मग माझं डोकं मांडीवर घेऊन त्याच ओल्या पायरीवर बसून राहिली. हिचे हात थरथरतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं."

ड्रायव्हरबाईंनी फोन मागून घेतला आणि ते स्वतः पुन्हा एकदा वाचलं.

"हे ताजं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पाय बरा होईपर्यंत वर्ग इथेच भरेल."

डॉक्टरांनी रुमाल काढला. सरांनी भरल्या डोळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठून पलंगाशी गेल्या, तसे आम्ही सगळे समजूतदारपणे जमिनीकडे बघू लागलो.

"झालं असेल लिहून," वहिनी म्हणाल्या, "तर माझा चष्मा द्या."