कुलुपातली तेवीस पुस्तकं

दहावीच्या पूर्वपरीक्षेत मुलीला विज्ञानात शंभरपैकी एकोणतीस गुण पडले, तेव्हा स्टोअरकीपरने गुणपत्रिका उलटी करून पाहिली. मागे कोरं होतं. मुलीला रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं, त्या अभ्यासक्रमाला विज्ञानात साठ गुण लागत होते आणि खरी परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. गोष्ट एवढी साधी होती. पण साधी गोष्ट साधी राहू दिली, तर तो स्टोअरकीपर कसला?

पंप बनवणाऱ्या कारखान्याचं भांडार तो एकवीस वर्षं सांभाळत होता. तीन ठिकाणचे नमुने समोर ठेवल्याशिवाय त्याने कधी वॉशरसुद्धा घेतला नव्हता. तीच शिस्त त्याने घरी आणली. मोठ्या कागदावर रकाने आखले: पानं किती, आकृत्या रंगीत की काळ्या, उत्तरं शेवटी की जागच्या जागी, कागद जाड की पातळ. पुस्तकांचा दुकानदार त्याला लांबून पाहूनच आतल्या खोलीत जाऊ लागला. निवड सव्वा महिना चालली. त्या काळात मुलगी काय वाचत होती, असा रकाना त्या कागदावर नव्हता.

शेवटी घरात तेवीस पुस्तकं आली. मार्गदर्शकं, प्रश्नसंच, झटपट उजळणीच्या चोपड्या, ‘हमखास’ नावाची दोन आणि त्यांच्यावर कडी करणारं ‘अतिहमखास’ एक. प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर चढलं, पाठीवर क्रमांक आला, रजिस्टरात आवक लागली. काचेच्या कपाटातले चांगले कप माळ्यावर गेले आणि त्यांच्या जागी विज्ञान जाऊन बसलं. कपाटाला कुलूप लागलं. किल्ली त्याच्या खिशात.

“पुस्तक हवं असलं की चिठ्ठी द्यायची,” त्याने मुलीला सांगितलं. “एका वेळी एक. आत खुणा करायच्या नाहीत, कोपरे दुमडायचे नाहीत.”

“आणि तुम्ही कामावर असलात तर?” बायकोने शिलाई मशीनवरून विचारलं.

“मी आल्यावर.”

मुलीने आईकडे पाहिलं, आईने मुलीकडे. आपली पद्धत पटली, असं त्याला वाटलं.

पुढे महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाट दाखवत होता. मेव्हणा आला, त्यालाही दाखवलं. “हात नाही लावायचा,” तो म्हणाला, “नुसतं बघ.” मेव्हण्याने बघितलं, चहा घेतला आणि गेला.

परीक्षेला आठवडा उरला, तेव्हा त्याने सवयीप्रमाणे रजिस्टर काढलं. आवक तेवीस. जावक शून्य. पानं पुढे-मागे करून पाहिली तरी शून्यच. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. याच परीक्षेत, याच विषयात तो स्वतः दोनदा आपटला होता आणि मग शाळेचं नाव टाकलं होतं. त्या वेळी घरात तिघा भावांत एकच पुस्तक होतं, आणि ते त्याच्या हाती कधी धडपणे आलंच नव्हतं. आपल्या मुलीला पुस्तकांची वाण पडू द्यायची नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने कपाट उघडून सगळ्यांत जाडजूड पुस्तक काढलं. उघडताना बांधणी कडकड वाजली.

“एकही पुस्तक घेतलं नाहीस? मग सांग, फ्यूजची तार लवकर वितळणारी का असते?”

मुलगी बोलणार, तेवढ्यात मशीनवरून उत्तर आलं. “जास्त वीज आली की ती आधी वितळते, पुढचा रस्ता तुटतो आणि बाकीचं सामान वाचतं. प्रत्येक घरात असतेच तशी एक.”

त्याने पुस्तकात पाहिलं. शेवटचं वाक्य सोडलं तर उत्तर बरोबर होतं.

“तुला काय माहीत? तू तर सातवीत शाळा सोडलीस.”

“मी शिकवलं,” मुलगी म्हणाली. “जे जे चुकलं होतं, ते पाठ्यपुस्तकातून काढायचं आणि आईला समजावायचं. तिला कळलं तरच पुढे जायचं. आणि बाबा, हिला लवकर कळत नाही हो.”

तिने पाठ्यपुस्तक पुढे केलं. ते फुगलं होतं, समासात जागा उरली नव्हती, पानापानात दोऱ्यांचे तुकडे होते आणि आकृत्यांवर कापड आखायच्या खडूच्या रेघा. स्टोअरकीपरने ते दोन बोटांत धरलं.

निकालात मुलीला चौऱ्याहत्तर गुण पडले. स्टोअरकीपर हरखून गेला, डोळेही पुसले त्याने. मग मेव्हण्याला फोन करून म्हणाला, “शेवटी साहित्य निवडण्यावर असतं सगळं.”

संध्याकाळी त्याने पाठ्यपुस्तकाला कव्हर घालायला घेतलं. क्रमांक चोवीस. बायकोने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

“हे कपाटात जाणार नाही. मला लागेल.”

“तुला कशाला?”

“पुढच्या वर्षी मी बसणार आहे परीक्षेला. लेक शिकवणार आहे, इतर विषयसुद्धा.” तिने पुस्तक मशीनवर ठेवलं. “तुम्हीही बसा ना माझ्याबरोबर. विज्ञानच राहिलंय ना तुमचं? पुस्तक एकच आहे, पण या खेपेला तुमची पाळी येईल.”

म्हणजे तिला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ती एका शब्दाने बोलली नव्हती. तो मशीनजवळ गेला, पुस्तकाकडे हात नेला, पहिलं पान उघडलंही. मग हात मागे घेतला.

“बसू की,” तो म्हणाला. “पण आधी नीट साहित्य तरी निवडू दे.”

आणि तो मोठा कागद शोधायला आत गेला.