नकल्याचा आवाज

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात त्याला सगळे नकल्या म्हणत. पगाराच्या कागदावर रीतसर नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्यानेच मागे वळून पाहिलं असतं, हा कोण बुवा नवीन आला म्हणून.

वाफेच्या रोलरमधून गरम चादर बाहेर आली की समोरच्या जोडीदाराबरोबर ती टोकांना धरून ताणायची आणि घडी घालायची, हे त्याचं काम. घडी घालता घालता त्याचं तोंड सुरू असायचं. मुकादमाचं नाकातलं बोलणं, मोठ्या डॉक्टरांचं दर वाक्याला ‘लक्षात येतंय ना’, वरच्या मजल्यावरच्या सिस्टरचा एकाच दमात दहा जणांना दिलेला दम. मुकादम दारात उभा राहून स्वतःचीच नक्कल बघायचा आणि पोट धरून हसायचा.

हे लहानपणापासूनचं. पाच भावंडांत तो मधला. थोरल्याचा मान मोठा, धाकट्याचे लाड मोठे, मधला आपला भिंतीला टेकून. एकदा जेवताना त्याने चिडक्या काकाचं खाकरणं हुबेहूब करून दाखवलं आणि वडिलांना हसू आवरेना. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या ताटात कुणीतरी न मागता वाढलं. त्या घासाची चव जिभेवर बसली ती बसलीच. लोकांनी आपल्याकडे बघावं असं आपल्याजवळ काहीतरी आहे, एवढं पोराला कळलं. ते दुसऱ्याचं आहे, याचं तेव्हा काही वाटलं नाही.

त्याची बायको त्याच तळघरात फाटक्या चादरी शिवायची. लग्नाआधी पहिल्यांदा तिने त्याच्या सगळ्या नकला पाहिल्या, मनापासून हसली आणि दोरा तोडत म्हणाली, “छान. आता तुझं काय म्हणणं आहे?”

दोन-तीन दिवस तो तिच्यासमोर आलाच नाही. मग एका दुपारी मशीनपाशी येऊन हळूच म्हणाला, “भूक लागलीये.” तिने डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे सरकवलं. “त्या एका वाक्यावर मी लग्न केलं,” असं ती पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. “बाहेर पोपट, घरात मुका. मला मुकाच आवडतो.”

घरातला त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, अडखळत येणारा होता. तो फक्त तिच्या ओळखीचा. मुलीलासुद्धा तो हत्तीच्या नाहीतर शेजाऱ्याच्या आवाजात गोष्टी सांगायचा.

मुलगी सतरा वर्षांची असताना बायकोच्या पोटात गाठ निघाली. त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर तिला ठेवलं होतं. वरून खाली येणाऱ्या ढिगात तिची चादर कुठली, हे ओळखायचा तो प्रयत्न करायचा. पण धुऊन निघाल्यावर सगळ्या चादरी सारख्याच. थंडी संपता संपता ती गेली.

तो कामावर परतला तेव्हा तळघरात नुसता मशीनचा आवाज. जो तो आपापल्या घडीकडे बघत होता. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. सगळ्यांना नकल्या ठाऊक होता, हा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेवटी मुकादम जवळ आला.

“अरे, तू असा गप्प बसलास की आम्हाला काम सुचत नाही रे. माझी कर बघू एकदा.”

त्याने केली. लोक जरा जास्तच मोठ्याने हसले. “सावरला हो,” कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्यांचा नकल्या त्यांना परत मिळाला होता.

घरी मुलगी रडत नव्हती. आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. एका संध्याकाळी दूध वर येत होतं आणि ती शून्यात बघत उभी होती. बाहेरच्या खोलीतून त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “अगं, दूध बघ!”

बायकोचा आवाज. तोच घाईचा हेल, शेवटी तोच तक्रारीचा सूर.

दूध उतू गेलं. मुलगी फडकं हातात घेऊन दारात आली.

“बाबा, पुन्हा म्हणा ना.”

म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. पण बाप होता तो. त्याने म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. तिने ‘तुम्ही’ म्हटलं की तो बाप आणि ‘तू’ म्हटलं की आई. “तू सांग ना, हा रंग शोभतो का मला?” “शोभतो, पण आधी केस विंचर.” मुलगी जेवायला लागली, हसायला लागली. त्याला वाटलं, एवढ्याने पोर उभी राहत असेल तर आपलं काय जातं?

वर्षभराने तिला दूरच्या शहरात डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला. ती त्याच्यापुढे येऊन बसली.

“आई, जाऊ का गं मी?”

“जा की. इथे बसून काय चादरी वाळवणार आहेस?”

ती त्याच्या गळ्यात पडली. नको जाऊस, असं त्याच्या मनात दाटून आलं होतं. पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिकडून फोन यायचा. “बाबा, जेवलात? बरं, आईला द्या.” तो फोन या कानावरून त्या कानाला न्यायचा आणि आईला द्यायचा.

एके दिवशी चहाची सुट्टी संपली. जोडीदाराने हाक मारली. कप विसळत तो म्हणाला, “व्हा पुढे, मी येते.”

हास्याचा फवारा उडाला. “आज बायकोची वाटतं!” जोडीदाराने टाळीसाठी हात पुढे केला. त्याने टाळी दिली आणि तो मळक्या कपड्यांच्या खोलीत गेला. त्याने नक्कल केलीच नव्हती. तो आपला सहज बोलला होता.

गाठोड्यांमध्ये उभा राहून तो पुटपुटला, “मी येतो.” मुकादमाचं नाक मध्ये आलं. “मी येतो.” हे डॉक्टरांचं झालं. स्वतःचा आवाज कसा होता, ते काही केल्या आठवेना. हा नाही, तो, असं बोट ठेवून सांगणारं जगात एकच माणूस होतं.

पुढचा फोन आला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तो घट्ट धरला.

“आईला द्या ना.”

“आई नाहीये, बाळा.”

“असं काय करता?”

“आई गेली. तिला बोलावलं की मी राहत नाही. मला नाही जमणार आता.”

आईच्या मरणालाही फुटलं नव्हतं ते रडू तिला फुटलं. हुंदक्यांतून ती म्हणाली, “तुम्ही तिला पुन्हा मारलंत,” आणि फोन बंद झाला.

तळघरातही त्याने नकला सोडल्या. लोकांनी आधी गळ घातली, मग चिडवलं. “भाव खातो,” म्हणाले. पुढे पुढे चहाच्या घोळक्यात त्याच्यासाठी कुणी सरकेनासं झालं. मुकादम आला की समोरूनच निघून जायचा, उगाच ओशाळल्यासारखा. नकल्या म्हणावं तर नक्कल नाही, आणि खरं नाव कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. “तो,” एवढंच म्हणायचे. “त्याला सांग, गाडी खाली करायचीय.” त्याला वाईट वाटायचं. नाही वाटायचं असं नाही. कधीकधी मुकादमाचं एखादं वाक्य ओठांवर येऊन थांबायचं आणि तो ते गिळून टाकायचा. अख्खा दिवस एक शब्द न बोलता जायचा.

मुलीचा फोन येत नव्हता. तो करायचा, ती उचलायची नाही.

पावसाळा सरला. एका रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

“हॅलो. कोण?” तो म्हणाला.

पलीकडून मुलीचा आवाज, परक्या माणसाशी बोलावं तसा. “माफ करा हं, नंबर चुकला वाटतं.”

“नाही चुकला.”

“बाबा?” ती थबकली. “मैत्रिणीच्या फोनवरून करतेय. आवाज ओळखलाच नाही मी.”

“हो. मलाही अजून सवय नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी फाटक ओढून घेतलं.

“तू जायला निघालीस ना,” तो एकेक शब्द शोधत म्हणाला, “तेव्हा नको जाऊस म्हणायचं होतं मला.”

“मग म्हणाला का नाहीत?”

तिने वाट पाहिली. मग ती तिकडचं सांगू लागली. खोली लहान आहे, मैत्रीण घोरते, घरमालकीण तोंडात लवंग धरून बोलते. तो हूं हूं करत ऐकत राहिला. आईचा विषय दोघांनीही काढला नाही.