संत निकोलाच्या दिवशीचा पाहुणा

पहिली थप्पड बसली तेव्हा वुकाशिन सर फळ्यावर 'आपल्या आईबापाचा आदर कर' ही आज्ञा लिहीत होते. दुसरीनं ते खडूसकट फळ्यावर आदळले.

"माझ्या पोरीला काय शिकवतोस रे?" रादोयित्सानं विचारलं. तो लाकडाच्या वखारीचा मालक, आणि हातही त्याच धंद्याला शोभणारे.

"धर्मशिक्षण," सर म्हणाले. "गुरुवारी तत्त्वज्ञान."

खरं बोलल्याबद्दल त्यांना ठोसा मिळाला आणि पुढचे दोन दात गेले.

झालं होतं एवढंच. नेवेनानं आदल्या तासाला विचारलं होतं, बाप मारत असेल तरी त्याचा आदर करायचा का? सर म्हणाले होते, आदर कर असं लिहिलंय, मार खा असं कुठं लिहिलेलं नाही. पोरीनं ते घरी जेवताना बापाला जसंच्या तसं ऐकवलं. हुशार विद्यार्थ्यांचा हाच त्रास असतो.

त्यानंतर नेवेना शाळेत आलीच नाही.

"तक्रार करू नका," मुख्याध्यापिका मिलुंकाबाई म्हणाल्या. "तुमची नेमणूक वर्षावर्षाची. बिशपसाहेबांच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी घरी बसाल."

"मुलगी कुठाय?"

"असेल घरीच. सर्दीबिर्दी झाली असेल."

पोलीसपाटलासारखा मिरवणारा ठाणेदार म्हणाला, बापलेकीच्या मध्ये आपण कशाला पडा.

संत निकोलाच्या दिवशी रादोयित्साकडे स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण. स्लावाला आमच्याकडे कुणी कुणाला बोलावत नाही. येईल तो पाहुणा, आणि पाहुण्याला दारातून परतवून लावलं तर घराण्याची अब्रू गेली. सर ठेवणीतला कोट चढवून त्या दारात उभे राहिले.

"स्लावा सुखाची जावो, यजमान," ते दोन दातांच्या फटीतून म्हणाले.

"या," रादोयित्सा दात आवळून म्हणाला. त्याचे सगळे जागेवर होते.

आत सगळं गाव जेवायला बसलं होतं, ठाणेदारासकट. उपवासाचा दिवस, म्हणून मांस वर्ज्य, नुसते मासे. नेवेना साखर-अक्रोड घातलेल्या गव्हाचा प्रसाद घेऊन फिरत होती. ताट डाव्या हातात. उजवं मनगट सुजून जांभळं झालेलं, एक डोळा पार मिटलेला. पाहुणे चमचा चमचा प्रसाद घेत होते, "छान झालाय हं" म्हणत होते. डोळ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

सरांनी चमचा उचलला नाही. "हाताला काय झालं?"

"जिन्यावरून पडले, सर."

"जिना कुठाय?"

घर बैठं होतं. टेबलावरचे काटेचमचे थांबले.

"मीही सकाळपासून जिनाच शोधतेय," नीश शहरातून सणाला आलेली नेवेनाची रुझामावशी म्हणाली.

"मास्तर, मासे खा," रादोयित्सा म्हणाला.

"खातो. हात तुम्हीच मोडलात ना?"

रादोयित्सानं त्यांची मान धरून तोंड माशाच्या रश्श्यात दाबलं. वर काढलं ते राकियाची, घरगुती दारूची, बाटली डोक्यात घालायला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर काचा आणि रक्त पसरलं.

तेव्हा मात्र सगळं गाव उठलं.

"पाहुण्यावर हात टाकलास?" त्याचा सख्खा भाऊ म्हणाला. "स्लावाच्या दिवशी?" आणि त्यानं रादोयित्साला शेगडीवर आपटलं. कुणी बरगडीत लाथ घातली, कुणी नाक फोडलं. ज्या हाताचा मार पोर खात होती, त्याबद्दल वर्षानुवर्षं कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आज त्याच हातावर चौघे बसले होते. ठाणेदारानं बोटांचं तेल पुसून बेड्या काढल्या.

"चल," रुझामावशी नेवेनाला म्हणाली. "कपड्यांचं नंतर बघू."

अंगणात बर्फात सरांभोवती गर्दी झाली. "मास्तर, गावाची मान खाली गेली हो. माफ करा." एकानं त्यांचा उजवा हात धरला होता, दुसऱ्यानं डावा, आणि बाकीचे रांगेत होते. पलीकडे मावशीची गाडी सुरू झाली. काचेआडून नेवेना सरांकडे बघत होती. तिची माफी मागायला कुणी गेलं नव्हतं.

सरांना तिला हात करायचा होता. पण माफी मागणारे सोडीनात. गाडी चर्चच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा कुठं एकानं त्यांचा हात सोडला, तोही स्वतःचे डोळे पुसायला.